आईची किडनी आणि परतलेला आजार : बडोद्यातल्या एका मुलीचं प्रकरण

अकरा वर्षांच्या मुलीला आईची किडनी बसवली. शस्त्रक्रियेच्या टेबलावरच लघवी सुरू झाली, क्रिएटिनिन (किडनीनं बाहेर टाकायचा रक्तातला कचरा) झपाट्यानं उतरलं, आणि दुसऱ्या दिवशी संध्याकाळपासून लघवीतून पुन्हा प्रोटीन जाऊ लागलं. तिच्या स्वतःच्या दोन्ही किडन्या ज्या आजारानं संपवल्या, तोच आजार नव्या किडनीत आला होता.

मुलांच्या किडनी प्रत्यारोपणात असं घडतं हे किडनीच्या डॉक्टरांना पन्नास वर्षांपासून ठाऊक आहे. १९७२ साली अमेरिकेत मिनेसोटाच्या डॉक्टरांनी असे तीन रुग्ण ‘लॅन्सेट’मध्ये मांडले होते. तरी आपल्याकडे आजही कितीतरी घरांना ही शक्यता कळते ती आजार परत आल्यावरच. या मुलीच्या घरी ती आधी माहीत होती. चार महिने आधीपासून सगळे त्या तयारीत होते. प्रत्यारोपणाला आता सव्वा वर्ष झालं आणि आईची किडनी चालू आहे. त्यात या तयारीचा वाटा मोठा आहे असं माझं ठाम मत आहे, आणि म्हणूनच हे प्रकरण सविस्तर लिहिते आहे.

मी बडोद्यात बालरोगतज्ज्ञ आहे. प्रत्यारोपण अहमदाबादच्या पथकानं केलं. आधीची देखभाल आणि नंतरचा पाठपुरावा माझ्याकडे. घरच्यांच्या संमतीनं लिहिते आहे, ओळख पटेल असे तपशील गाळले आहेत.

सुरुवात

चौथं वर्ष संपत आलं होतं. सकाळी उठली की पापण्या सुजलेल्या, दुपारपर्यंत सूज उतरलेली. ॲलर्जी समजून पंधरा दिवस डोळ्यांत थेंब आणि पोटात सिरप. मग पाय सुजले, पोट फुगलं, चड्डीचं इलॅस्टिक कमरेला रुतायला लागलं. लघवी तपासली तर प्रोटीन चार प्लस, म्हणजे पट्टीवरचं सर्वांत जास्त. रक्तातलं अल्ब्युमिन हे प्रोटीन साडेतीनच्या वर हवं, ते १.६. नेफ्रोटिक सिंड्रोम, म्हणजे लघवीतून भरमसाट प्रोटीन गळून अंग सुजणं.

या वयातल्या नेफ्रोटिकच्या दहापैकी आठ-नऊ मुलांचं प्रोटीन स्टिरॉइडनं थांबतं. हिचंही थांबलं. पण पुढे आजार उलटत राहिला. सर्दी झाली की उलटे, पावसाळा लागला की उलटे. सहाव्या वर्षी एकदा उलटला तो स्टिरॉइडला जुमानेना. बायोप्सीत एफएसजीएस निघाला, म्हणजे फोकल सेगमेंटल ग्लोमेरुलोस्क्लेरोसिस. किडनीतल्या लाखो सूक्ष्म गाळण्यांपैकी काहींच्या काही भागात व्रण पडून त्या बुजत चालल्या होत्या. प्रतिकारशक्ती दाबणारं टॅक्रोलिमस सुरू केलं, वर्षभर थोडा फरक पडला, मग तोही गेला. नवव्या वर्षी क्रिएटिनिन चढू लागलं. दहाव्या वर्षी पोटात कॅथेटर घालून घरीच डायलिसिस सुरू झालं.

ते डायलिसिस तिचे बाबा करत. वाडी भागातलं जुनं घर, दोन खोल्या. मधल्या खोलीला चुना लावून घेतला, पडदे काढून टाकले, आणि कॅलेंडरच्या खिळ्याला पिशवी टांगायला सुरुवात केली. दिवसाला चार पिशव्या. वर्षभरात पोटात एकदाही जंतुसंसर्ग झाला नाही, आणि हे प्रत्येकाला जमतंच असं नाही. पाणी मोजून, मीठ जेमतेम. बडोद्यात कोपऱ्याकोपऱ्यावर सेव-उसळीची गाडी असते, आणि ही मुलगी शाळेतून येताना रस्ता बदलून यायची.

आजोबांची वही

प्रत्यारोपणाची तपासणी सुरू झाली तेव्हा अहमदाबादला पाठवलेल्या सारांशात एक ओळ होती: ‘स्टिरॉइडला दाद न देणारा नेफ्रोटिक सिंड्रोम, बायोप्सीत एफएसजीएस.’ ओळ खरी होती, पण अर्धी होती. आधीच्या एका रुग्णालयातून हा सारांश आला होता आणि त्यात सहाव्या वर्षाच्या आधीचं काहीच नव्हतं.

उरलेला अर्धा भाग आजोबांकडे होता. नेफ्रोटिकच्या मुलांच्या घरी आम्ही लघवी तपासायच्या पट्ट्या देतो. सकाळच्या पहिल्या लघवीत पट्टी बुडवायची आणि डबीवरच्या रंगांशी ताडून बघायची. पिवळी राहिली तर प्रोटीन नाही, हिरवी होत गेली तर एक प्लसपासून चार प्लसपर्यंत. आजोबांनी पहिल्या दिवसापासून याची शंभरपानी वही ठेवली होती. पट्टीनं आखलेले रकाने: तारीख, वजन, पट्टी, गोळ्या, शेरा. पहिल्या आठ दिवसांत चार प्लस, चार प्लस, तीन प्लस असं उतरत येतं. नवव्या दिवशी लाल शाईनं ‘निल’ आणि शेऱ्याच्या रकान्यात बारीक अक्षरात: ‘आज प्रथमच निल. देवापुढे साखर ठेवली.’ पुढे सलग ‘निल’ची पानंच्या पानं.

तपासणीच्या सगळ्या कागदांत सर्वांत मोलाचं पान हेच होतं असं मी मानते. कारण असं आहे.

स्टिरॉइडला दाद न देणारी मुलं सगळी एका आजाराची नसतात. काहींच्या जनुकातच दोष असतो. गाळणीच्या बाहेरच्या अंगाला पोडोसाइट नावाच्या पेशी असतात, त्यांची बारीक पावलं एकमेकांत गुंफून प्रोटीन अडवतात. पोडोसिन किंवा नेफ्रिनसारख्या प्रथिनाचं जनुक बिघडलं की ही रचना जन्मापासूनच कच्ची राहते. अशा मुलाला स्टिरॉइड पहिल्यापासूनच लागू पडत नाही. पण दोष त्याच्या किडनीत असतो, दात्याची किडनी धडधाकट असते, त्यामुळे प्रत्यारोपणानंतर आजार परतण्याची भीती फार थोडी. याच्या अगदी उलट गट म्हणजे आधी स्टिरॉइडला दाद देऊन नंतर बंद झालेली मुलं. त्यांच्यात किडनी जात्याच कच्ची नसते. रक्तात फिरणारं काहीतरी तिला मारत असतं, आणि ते रक्त प्रत्यारोपणानंतरही तेच राहतं. ब्रिटनमधल्या डॉक्टरांनी २०१४ साली छापलेल्या अभ्यासात या गटातल्या दहापैकी नऊहून जास्त मुलांत आजार नव्या किडनीत परतला होता. पहिल्यापासून दाद न देणाऱ्यांमध्ये हे प्रमाण दहात तीनच्या आसपास होतं.

म्हणजे सारांशातली ओळ वाचली असती तर पथकानं घरच्यांना ‘तीसेक टक्के’ सांगितलं असतं. वही वाचली आणि ‘नव्वद’ सांगावं लागलं. जनुकांची तपासणीही झाली, तिच्यात पोडोसाइटच्या कुठल्याही ज्ञात जनुकात दोष सापडला नाही. वहीचं म्हणणं पक्कं झालं.

नेफ्रोटिकच्या मुलाच्या घरी मी आता हे पुन्हा पुन्हा सांगते: पहिल्या वर्षाचे कागद टाकू नका. पुढचं मोठं रुग्णालय तुमच्याकडे नवे रिपोर्ट मागेल. जुने तुम्ही होऊन दाखवा.

कोणाची किडनी

बडोद्यातच, माझ्या दवाखान्यात, संध्याकाळची वेळ संपल्यावर बैठक झाली. आई-बाबा, आजी-आजोबा आणि आत्या. मानवी अवयव प्रत्यारोपणाच्या १९९४ च्या कायद्यात २०११ साली जी दुरुस्ती झाली तिच्यानं आजी-आजोबाही जवळच्या नातेवाइकांत धरले जातात, त्यामुळे आजी पुढे सरसावल्या होत्या. पण त्यांना मधुमेह. बाबांचा रक्तगट बी, मुलीचा ओ. आईचा ओ. उरली आई एकटीच.

मुलगी आहे म्हणून हात आखडणारी घरं मी पाहिली आहेत. आपल्या देशात आया किडनी देतात आणि मुलींना ती मिळते कमी. या घरात तो विषयच निघाला नाही, हे नोंदवून ठेवते.

मी मांडलं ते असं. आजार परतण्याची शक्यता दहात नऊ. परतला तर प्लाझ्मा (रक्तातला द्रव भाग) बदलणं आणि औषधं यांनी निम्म्याहून थोड्या जास्त मुलांत तो आटोक्यात येतो, पूर्ण किंवा बराचसा. उरलेल्यांत किडनी काही वर्षांत जाते, कधी काही महिन्यांतही. अशा पहिल्या प्रत्यारोपणाला मृत दात्याची वाट पाहावी, जिवंत माणसाची किडनी पणाला लावू नये, असं मानणारे डॉक्टर आहेत आणि त्यांचा मुद्दा वजनदार आहे. माझा आणि अहमदाबादच्या पथकाचा कल मात्र आईकडे होता. मृत दात्याची किडनी कधी येईल याचा नेम नसतो. मध्यरात्री फोन येतो आणि चार तासांत पोहोचायचं असतं. या मुलीला पहिल्याच आठवड्यात प्लाझ्मा बदलायचं यंत्र, ते चालवणारी माणसं, अल्ब्युमिनचा साठा आणि बायोप्सी वाचणारा जाणकार, सगळं हाताशी लागणार होतं. तारीख ठरलेली असली तरच ते जुळतं. शिवाय डायलिसिसवर तिची उंची दीड वर्षात जेमतेम दोन सेंटिमीटर वाढली होती.

आई बराच वेळ काही बोलली नाही. मग म्हणाली, “डॉक्टर, परत येणार हे धरून चालू. पण परत आला म्हणजे किडनी गेलीच, असं नाही ना?”

“असं नाही, ताई. पण जाऊही शकते. आणि मग तुमच्याकडे दुसरी द्यायला नाही.”

“मग द्यायची.”

आजोबांना मात्र हे पटायला वेळ लागला. डायलिसिसच्या वॉर्डातल्या ओळखीचा एक मुलगा प्रत्यारोपणानंतर खडखडीत बरा झाला होता. त्याच्यात काही परत आलं नाही, मग हिच्यातच का? त्या मुलाला जन्मतः मूत्रमार्गात पडदा होता, लघवी तुंबून तुंबून किडन्या गेल्या होत्या. तो आजार नळीतला, रक्तातला नाही, म्हणून नव्या किडनीला त्याचा धोका नव्हता. जन्मतः अविकसित किडन्या, लघवी उलट चढल्यानं खराब झालेल्या किडन्या, यांचंही तसंच. परतणारे आजार वेगळे. एफएसजीएस त्यांतला मुलांमधला सर्वांत मोठा. त्याखेरीज रक्तातली कॉम्प्लिमेंट नावाची प्रतिकार यंत्रणा बिघडून होणारा असामान्य हिमोलिटिक युरेमिक सिंड्रोम आणि सी-३ ग्लोमेरुलोपॅथी. यकृतातल्या एन्झाइमच्या दोषानं होणारा प्रायमरी हायपरऑक्झाल्युरिया तर नुसती किडनी बदलल्यावर नव्या किडनीतही ऑक्झलेटचे खडे भरतो, कारण दोषी यकृत जागेवरच असतं. त्यात बऱ्याचदा यकृतही बदलावं लागे. आता २०२० पासून लुमासिरानसारखं औषध आल्यानं तिथलं चित्र पालटतं आहे. आयजीए नेफ्रोपॅथीही परतते, पण बहुधा सावकाश. किडनी का गेली हे नीट न कळता प्रत्यारोपण करणं म्हणजे या सगळ्यांवर डोळे मिटणं आहे, आणि मुलाच्या बाबतीत तसं करायला माझा सक्त विरोध आहे.

मुलीला आम्ही काय सांगितलं? खरं तेच, तिच्या भाषेत. आईची किडनी बसली तरी जुना आजार तिला त्रास द्यायला येऊ शकतो, म्हणून पट्टी बंद होणार नाही. ती म्हणाली, “मग पट्टी मी बघणार, आजोबा नाही.” तेव्हापासून तीच बघते.

तयारी

पहिलं काम लसींचं. टॅक्रोलिमस बंद होऊन काही महिने झाले होते, त्या मोकळ्या काळात कांजिण्यांच्या लसीचे दोन डोस झाले, न्यूमोकॉकस आणि हिपॅटायटिस बी पूर्ण केले. प्रत्यारोपणानंतर जिवंत लसी देता येत नाहीत, आणि प्रतिकारशक्तीच्या काही पेशी संपवणारं रिटुक्सिमॅब दिलं तर इतर लसीही धड लागू पडत नाहीत.

दुसरं काम साधं, पण बरेचदा राहून जातं. तिला दिवसाला शंभर मिलिलिटरच्या आसपास लघवी होत होती आणि तीत प्रोटीन भरपूर होतं. प्रोटीन-क्रिएटिनिनचं प्रमाण ०.२ च्या आत हवं, तिचं ९ होतं. हा आकडा शस्त्रक्रियेआधी लिहून ठेवला नाही तर नंतर घोळ होतो. नव्या किडनीनंतर लघवीत प्रोटीन दिसलं तर ते जुन्या किडन्यांचं की नव्या किडनीचं? जुन्या किडन्यांचं असेल तर ते दिवसागणिक उतरत जातं. नव्याचं असेल तर चढतं. त्यामुळे एका आकड्यावर न थांबता रोजचा आलेख काढायचा असं ठरलं.

शस्त्रक्रियेआधीच प्लाझ्मा बदलावा किंवा रिटुक्सिमॅब द्यावं का, यावर चर्चा झाली. काही केंद्रं तसं करतात. त्यानं आजार परतणं टळतं असा भक्कम पुरावा अजून नाही. पथकानं आधी काही न करता मानेतला मोठा कॅथेटर शस्त्रक्रियेच्या वेळीच घालून ठेवायचं ठरवलं, म्हणजे गरज पडली तर पुन्हा भूल नको. मला हा निर्णय फार शहाणपणाचा वाटला.

पहिले पाच दिवस

आईची डावी किडनी दुर्बिणीतून काढली. मुलीचं वजन २४ किलो. मोठ्या माणसाच्या किडनीला रक्त पुरवायचं तर अशा लहान शरीरात भरपूर पाणी भरून रक्तदाब चढा ठेवावा लागतो, पहिली रात्र त्यातच गेली. क्रिएटिनिन सातवरून दीड दिवसात ०.९ वर आलं.

प्रोटीनचा आलेख असा: सहा तासांनी १.१, चोवीस तासांनी ०.८. सगळ्यांचा जीव भांड्यात पडला. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी ३.४. लघवीच्या पिशवीत फेस दिसू लागला. सिस्टरनं तो आधी पाहिला आणि आकडा यायच्या आतच डॉक्टरांना बोलावलं. तिसऱ्या दिवशी सकाळी ७.८.

डॉप्लर सोनोग्राफीत रक्तपुरवठा चांगला. टॅक्रोलिमसची पातळी हवी तेवढी. दात्याविरुद्धच्या अँटिबॉडी नाहीत. बायोप्सी चौथ्या दिवशी ठरली. साध्या सूक्ष्मदर्शकाखाली ती जवळजवळ निरोगी दिसणार हे ठाऊक होतं, कारण व्रण पडायला आठवडे लागतात. इतक्या लवकर दिसतो तो बदल फक्त इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकात, पोडोसाइटची पावलं सपाट होऊन एकमेकांना चिकटलेली. तो रिपोर्ट यायला पाच-सहा दिवस जातात. त्यासाठी थांबायचं नाही हे आधीच लेखी ठरलं होतं. तिसऱ्या दिवशी संध्याकाळी यंत्र लागलं. पुढे रिपोर्ट आला तो अपेक्षेप्रमाणेच होता, रिजेक्शनचा, म्हणजे शरीरानं किडनी नाकारल्याचा, मागमूस नव्हता.

यंत्र लागलं त्या दिवशी मी अहमदाबादला गेले होते. आई दुसऱ्या मजल्यावर, अजून पोटाला हात धरून चालत होती. बाबांनी तिला सांगितलं. तिनं मला पाहिलं आणि एवढंच विचारलं, “मशीन लावलं का?” आधी सांगितल्याचा उपयोग काय, असं मला सहकारी डॉक्टर विचारतात तेव्हा हा प्रश्न मी त्यांना सांगते. ज्या आईला आधी काही सांगितलेलं नसतं, तिचा पहिला प्रश्न असतो, ‘माझीच किडनी खराब होती का?’

तो प्रश्न इथेही आला, पण नंतर, आणि बाबांकडून. त्यांना मी शिकागोचं उदाहरण सांगितलं. २०१२ साली तिथल्या डॉक्टरांनी एक प्रकरण छापलं. एफएसजीएसच्या २७ वर्षांच्या तरुणाला बहिणीची किडनी बसवली, आजार लगेच परतला, उपचार लागू पडेना. चौदाव्या दिवशी ती किडनी काढली आणि रुग्ण व दाता दोघांच्या संमतीनं ६६ वर्षांच्या, मधुमेहानं किडन्या गेलेल्या दुसऱ्या माणसाला बसवली. तिथे ती सुधारली, प्रोटीन जाणं थांबलं. किडनी निर्दोष होती, त्रास होता तो त्या तरुणाच्या रक्तातल्या घटकाचा. बाबांनी हे ऐकून घेतलं आणि तसंच्या तसं जाऊन आईला सांगितलं.

तो घटक कोणता हे शोधण्यात दशकं गेली. २०११ च्या सुमारास एका प्रथिनावर संशय होता, पुढे तो टिकला नाही. २०२२ पासून मात्र नेफ्रिनविरुद्धच्या अँटिबॉडींकडे बोट दाखवणारे अभ्यास येत आहेत, आणि नेफ्रिन हे पोडोसाइटच्या पावलांना जोडणाऱ्या पडद्यातलंच प्रथिन आहे. प्रत्यारोपणानंतर आजार परतलेल्या काही रुग्णांतही या अँटिबॉडी सापडल्या. या मुलीची ती चाचणी झालेली नाही. तिचं शस्त्रक्रियेआधीचं रक्त मात्र गोठवून ठेवलं आहे.

प्लाझ्मा

घरच्यांना ‘प्लाझ्मा बदलणं’ म्हणजे काय हे डोळ्यांसमोर येत नाही, म्हणून लिहिते. मानेतल्या कॅथेटरमधून रक्त यंत्रात जातं. यंत्र रक्तपेशी वेगळ्या करून परत पाठवतं आणि पिवळसर प्लाझ्मा एका पिशवीत टाकतं. तिच्या वजनाला एका वेळी सुमारे दोन लिटर. तेवढंच अल्ब्युमिनचं पाच टक्क्यांचं द्रावण आत जातं. वीस टक्क्यांच्या शंभर मिलिलिटरच्या पाच बाटल्या पातळ केल्या की एका वेळेपुरतं होतं. तीनेक तास चालतं. बायोप्सीनंतरच्या वेळी अल्ब्युमिनसोबत रक्तपेढीतून ताजा गोठवलेला प्लाझ्माही दिला, कारण यंत्र रक्त गोठवणारे घटकही काढून घेतं आणि नुकतीच सुई टोचलेली किडनी वाहू लागली असती.

रक्त यंत्रात गोठू नये म्हणून सायट्रेट घालतात, ते रक्तातलं कॅल्शियम बांधून ठेवतं. दुसऱ्या वेळी अर्ध्या तासातच ती म्हणाली, “डॉक्टरमावशी, ओठांना मुंग्या येतायत.” टेक्निशियननं लगेच वेग कमी केला, कॅल्शियम ग्लुकोनेटचं ड्रिप वाढवलं, पाच मिनिटांत मुंग्या थांबल्या. पुढच्या प्रत्येक वेळी ती स्वतःच सांगायची, आता ओठ, आता बोटं. लहान मूल इतकं नेमकं सांगतं तेव्हा मॉनिटरच्या आधी त्याच्याकडे बघावं.

पहिले पाच दिवस रोज, मग दिवसाआड, मग आठवड्यातून दोनदा, एकदा. रिटुक्सिमॅबचे दोन डोस. प्रत्येक डोस एका सत्रानंतर आणि पुढच्या सत्राआधी दोन दिवस मोकळे ठेवून, नाहीतर औषधच प्लाझ्माबरोबर पिशवीत जातं. प्रतिकारशक्ती दाबणारी टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि स्टिरॉइड ही औषधं चालूच.

लगेच गुण आला असं नाही. दहाव्या दिवशी प्रोटीनचा आकडा ११ होता, अल्ब्युमिन २.१, पापण्या पुन्हा सुजल्या. आजी बडोद्याहून आल्या, नातीला पाहिलं आणि खोलीबाहेर जाऊन रडल्या. तिसऱ्या आठवड्याच्या शेवटी ४. पाचव्या आठवड्यात ताप, कॅथेटरमध्ये जंतू, कॅथेटर काढून दुसरा घातला, आठवडाभर अँटिबायोटिक. सहाव्या आठवड्यात १.९. तिसरा महिना संपताना ०.६. मग यंत्र बंद केलं.

प्रत्यारोपणाचा खर्च सरकारी योजनेतून निघाला, अल्ब्युमिनचा बराचसा निघाला नाही. आत्यानं बांगड्या मोडल्या, बाबांच्या कारखान्यातल्या लोकांनी वर्गणी काढली. आजार परतणार हे माहीत होतं म्हणून ही तजवीजही आधी सुरू करता आली. तरी ती पुरली नाही. मुलांच्या प्रत्यारोपणाचं पॅकेज ठरवताना हा उपचार त्यात धरला गेला पाहिजे. दहात नऊ शक्यतेची गोष्ट जादाची कशी?

आत्ता

सव्वा वर्षानंतर क्रिएटिनिन ०.८, प्रोटीनचं प्रमाण ०.४ ते ०.६ मध्ये हलतं. याला आम्ही आंशिक सुधारणा म्हणतो. प्रोटीन पूर्ण थांबलेलं नाही आणि थांबेलच असं मी घरच्यांना सांगत नाही. इतक्या प्रोटीनवरही किडनी बरीच वर्षं चालू शकते, रक्तदाब काबूत राहिला तर. त्यासाठी एनालाप्रिल देतो आहोत. उंची वर्षभरात सात सेंटिमीटर वाढली. शाळा पूर्ण वेळ. टॅक्रोलिमसच्या वेळा सकाळी आठ आणि रात्री आठ, त्यांत पाच मिनिटं इकडचं तिकडे होत नाही. पुढच्या तीन-चार वर्षांत, वयात आल्यावर, मुलं गोळ्या चुकवू लागतात. माझी खरी काळजी आता तिथे आहे, आणि त्याबद्दल तिच्याशी बोलणं आत्तापासून सुरू केलं आहे.

गेल्या भेटीत बाबांनी विचारलं, ही किडनी गेली तर? सध्या रक्तगट न जुळताही प्रत्यारोपण होतं असं त्यांनी वाचलं होतं, म्हणून त्यांना स्वतःची द्यायची होती. मी त्यांना स्पष्ट सांगितलं. पहिली किडनी याच आजारानं गेली तर दुसरीत तो परतण्याची शक्यता दहात आठ किंवा त्याहून जास्त. तशा वेळी जिवंत दात्याची किडनी घेण्याला मी सहजासहजी होकार देणार नाही. आधी डायलिसिस, मग त्या वेळी अँटिबॉडीच्या चाचण्यांनी काही नेमकं सांगता येत असेल तर ते पाहून पुढचं. त्यांनी मान हलवली, पण रक्तगटाचा कागद फाइलला लावून ठेवा म्हणाले. तो लावला आहे.

पुढची बायोप्सी दिवाळीनंतर आहे. तोवर एनालाप्रिल थोडं वाढवून बघतो आहोत, आणि दर पंधरा दिवसांनी रक्तातलं पोटॅशियम तपासतो.